शेजारचे दुकान आणि गावाचे हित



ज्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य आणि राजकारण यांची चर्चा व्हावी, तेथे मीठमिरची कोणत्या दुकानातून घ्यावी हा विषय मांडणे काहींना गैर वाटेल. परंतु आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळेचे शिक्षण बेताचेच; जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून, सभा आटोपल्यावर. त्या वाचनातून आणि कामातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कामगाराच्या पगाराला दोन दारे असतात. एका दाराने तो येतो, दुसऱ्या दाराने जातो. पहिल्या दाराशी आम्ही लोकांनी मोर्चे नेले, संप केले, तुरुंग भोगला. दुसऱ्या दाराकडे मात्र चळवळीने द्यावे तितके लक्ष दिले नाही. ते दुसरे दार म्हणजे दुकान. त्या दाराचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम शब्द नक्की करू. शेजारचे दुकान म्हणजे नुसते जवळ असलेले दुकान नव्हे. मोठ्या कंपनीची शाखा आपल्या कोपऱ्यावर असू शकते. म्हणून ती शेजारची होत नाही. ज्याचा मालक आपल्याच गावात राहतो, स्वतः गल्ल्यावर बसतो, कोणता माल ठेवायचा आणि कोणाला उधार द्यायचे हे स्वतःच्या अधिकारात ठरवतो, त्या दुकानाविषयी आम्ही बोलत आहोत. हा स्वदेशीचाही प्रश्न नव्हे. १९०५ सालच्या स्वदेशी चळवळीने माल कोठे बनला हे विचारले, आणि तो प्रश्न त्या काळी योग्यच होता. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माल कोठेही बनो. तो विकणारा कोणाला उत्तर देण्यास बांधलेला आहे?

हा प्रश्न कामगारांपुढे पहिल्यांदा उग्र रूपात उभा राहिला तो इंग्लंडात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील कित्येक खाणींत आणि लोखंडाच्या कारखान्यांत मजुरी नाण्यांत मिळत नसे. मालक चिठ्ठी किंवा बिल्ला देई, आणि तो बिल्ला फक्त मालकाच्याच दुकानात चाले. तेथे पीठ महाग, लोणी खवट आणि वजन कमी. तक्रार करावी तर कोणाकडे? ज्याने मजुरी द्यायची तोच माल विकणारा. म्हणजे मजुरी एका हाताने द्यायची आणि दुसऱ्या हाताने परत घ्यायची, असा तो व्यवहार होता. कामगारांची ओरड इतकी वाढली की १८३१ साली पार्लमेंटला कायदा करून ठरावीक धंद्यांतली मजुरी चलनी नाण्यांतच देण्याची सक्ती करावी लागली. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही मजुरी चलनातच द्यावी असे कलम घातले गेले. त्यामागे हाच धडा होता. आपल्या पैशाने आपल्या पसंतीच्या दुकानात जाता येणे ही क्षुल्लक बाब नाही. तो माणसाच्या स्वातंत्र्याचा एक भाग आहे, आणि तो कोणीतरी भांडून मिळवलेला आहे.

त्या अनुभवातून इंग्लंडातील कामगारांनी आणखी एक वाट शोधली. लँकेशायरमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकरांचा भरणा मोठा, प्रत्येकी एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे दुकान उघडले. पहिल्या दिवशी दुकानात होते काय? लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. बघणारे हसले म्हणतात. पण त्यांचे नियम पाहा. माल शुद्ध, वजन चोख, प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. दुकान गावचे, मालक गावचे, गिऱ्हाईकही तेच. जगभरच्या ग्राहक सहकारी चळवळीने पुढे याच दुकानाला आपले मूळ मानले. आपल्या मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली जे सहकारी दुकान निघाले आणि पुढे 'अपना बाजार' म्हणून घरोघरी माहीत झाले, ते याच कुळातले.

येथे कोणी म्हणेल, शेजारच्या दुकानदाराचे गोडवे गाणे सोपे आहे. पण आमच्या आजोबा-पणजोबांना लुबाडले ते गावातल्याच वाण्याने, लंडनच्या कंपनीने नव्हे. हा आक्षेप खरा आहे. त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, त्याच वर्षी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकार दुकानदारांवर हल्ला केला. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळक दिसली. माणसांवर अत्याचार थोडे झाले. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. त्या हिसकून घेऊन जाळल्या.

हे दुकानदार गावातच राहत होते. मग बिघडले कोठे? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला, तेव्हा पत वाढली आणि कर्जे सैल हाताने दिली गेली. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच सरकारने जमिनीचा सारा वाढवला, आणि सावकाराने हात आखडला. पण मुख्य कारण आणखी खोल होते. पूर्वी गावातल्या वाण्याला पाटलाचा, पंचांचा, गावकीचा धाक होता. वसुली करायची तर गावाला बरोबर घ्यावे लागे. इंग्रजी दिवाणी न्यायालये आल्यावर तो धाक गेला. कुणब्याला वाचता न येणारा कागद पुढे करावा, तालुक्याच्या कोर्टातून हुकूमनामा आणावा, आणि जमीन लिलावात काढावी. त्यात गावाला विचारण्याचे कारणच उरले नाही. दुकानदाराचे घर गावात राहिले, पण त्याची सत्ता गावाबाहेर गेली.

सुप्याच्या आधी काही महिने शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी वेगळा उपाय केला होता. त्यांनी गावच्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या दुकानी कोणी जाईना, त्याचे काम कोणी करीना. दंगा नाही, जाळपोळ नाही. गावाने फक्त आपले गिऱ्हाईकपण काढून घेतले. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला, त्याच्या मागे सुप्याचा धूर जसा आहे तसा आमच्या मते करड्याचा अबोलाही आहे.

या दोन गावांवरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की दुकानाची जवळीक कोसांवर मोजायची नाही. गिऱ्हाइकांचा एकत्रित शब्द ज्याच्या गल्ल्यापर्यंत पोचतो, ते दुकान जवळचे. ज्याच्यापर्यंत तो पोचत नाही, ते दुकान भिंतीला भिंत लागून असले तरी दूरचे.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे, म्हणजे मुंबईच्या गिरणगावाकडे येऊ. तेथे जवळच्या दुकानाची खरी कसोटी लागली.

गिरणी कामगाराला पगार महिन्याचा आणि तोही महिना उलटून गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी मिळे. कोकणातून किंवा देशावरून आलेला तरुण पहिल्या तारखेला कामाला लागला, तर त्याच्या हाती पहिला पैसा पडण्यास सहा आठवडे लागत. हे सहा आठवडे त्याने खावे काय? गिरणीने त्याचा पगार अडकवून ठेवलेला, म्हणजे एका अर्थी कामगारच मालकाला बिनव्याजी उधार देत होता. आणि कामगाराला उधार देत होता चाळीखालचा धान्यवाला. एकट्या पुरुषांचे पोट खाणावळीवर चाले. ती चालवणारी बाई बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा. तिने धान्यवाल्याकडून उधार आणायचे, दहा-वीस जणांना दोन वेळ जेवू घालायचे, आणि पगाराच्या दिवशी हिशेब करायचा. गिरण्यांची धुराडी या उधारीवर उभी होती, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल. वेतन प्रदान कायद्याने पुढे सातव्या किंवा दहाव्या तारखेची मुदत घातली, तेव्हा कोठे हा फास थोडा सैल झाला.

या उधारीला किंमत होती हे लपवण्यात अर्थ नाही. भाव रोखीपेक्षा चढा असे, बाकीवर व्याज चढे, काटा मारण्याचे प्रकार होत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या रॉयल कमिशनच्या अहवालाने असा अंदाज दिला की बहुतेक औद्योगिक केंद्रांतील निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. त्यात सावकारांचा वाटा होता तसा दुकानदारांचाही होता.

परंतु १९२८ साल आठवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसे, जवळजवळ सहा महिने, पगाराविना. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, आळवे हे पुढारी झाले, आणि ना. म. जोशी यांच्या संघटनेलाही संयुक्त संप समितीत यावे लागले. सभा आणि भाषणे यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पण भाषणाने पोट भरत नाही. संप टिकला तो तीन टेकूंवर: समितीने वाटलेले धान्य, गावाकडच्या शेतीचा आधार, आणि वस्तीतल्या दुकानदारांची उधारी.

दुकानदाराने उधार का दिले? तो कम्युनिस्ट होता म्हणून नव्हे, आणि दानशूर होता म्हणूनही नव्हे. त्याची मागची बाकी कामगारांकडे अडकलेली होती. संप फसला आणि माणसे गावी निघून गेली तर ती बुडणार होती. आज त्याने तोंड फिरवले तर संप मिटल्यावर हीच माणसे समोरच्या दुकानात जाणार होती. आणि तो त्याच वस्तीत राहत होता. रोज त्याच तोंडांपुढून त्याला जावे लागत होते. त्याचा स्वार्थ आणि वस्तीचे हित एका दोरीने बांधलेले होते. आम्ही स्थानिक दुकानाचा जो मोठा लाभ मानतो तो हाच. दुकानदार सज्जन असावा लागत नाही. त्याचे आपल्यावाचून अडले पाहिजे, एवढे पुरे.

याच्या उलट बाजू पाहा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस धान्य कडाडले तेव्हा काही गिरण्यांनी कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकाने काढली. भाव खरोखर कमी होता, आणि कामगारांनी तेथे खरेदी केली यात त्यांची चूक नव्हती. पण ज्या दुकानाचा मालक गिरणीचा मालक, ते दुकान संपाच्या दिवसांत कामगाराला उधार देईल अशी अपेक्षा कोण करील? स्वस्ताई हा एक गुण आहे. तो एकटा गुण नाही.

टेकू मोडतो तेव्हा काय होते हेही गिरणगावाने पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो इतका लांबला की लहान दुकानदाराची उधार देण्याची ताकदच संपली. त्याच्या मागचा घाऊक व्यापारी त्याला किती दिवस सांभाळणार? म्हणून आम्ही म्हणतो, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते एकतर्फी नाही. कठीण दिवसांत ज्याने आपल्याला तगवावे असे वाटते, त्याला बऱ्या दिवसांत आपण तगवले पाहिजे. खाणावळवाल्या बायकांची गोष्ट याच कारणासाठी आम्हांला मोलाची वाटते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत आणले. ज्या बाईने वस्तीला उधार जेवू घातले, तिला स्वतःला सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा त्यातला विचार होता.

मालक गावातला की बाहेरचा, याने गावाच्या एकंदर प्रकृतीत फरक पडतो का? हे मोजून पाहण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. १९४४ साली वॉल्टर गोल्डश्मिट या अभ्यासकाने कॅलिफोर्नियातील दोन गावांची तुलना केली. डिन्युबा गावाभोवती स्वतः कसणाऱ्यांची मध्यम शेते. अर्व्हिनभोवती मोठ्या मालकांची विस्तीर्ण शेते. दोन्ही गावांचे एकूण शेती उत्पन्न जवळपास सारखे. पण डिन्युबात दुकाने व व्यवसाय बासष्ट, अर्व्हिनमध्ये पस्तीस. डिन्युबाची वर्षाची किरकोळ विक्री त्रेचाळीस लाख डॉलरांवर, अर्व्हिनची सुमारे पंचवीस लाख. शाळा, बागा, संस्था यांतही डिन्युबा पुढे. ही तुलना शेतीच्या मालकीची होती, दुकानांच्या नव्हे. तरी अर्थ स्पष्ट आहे. मिळकत अनेक स्थानिक हातांत विभागली की ती गावातल्या दुकानांत फिरते, आणि दुकानांतून शाळेकडे, वाचनालयाकडे जाते.

आपल्याकडे हिशेब घालून पाहा. एका आळीत शंभर घरे; प्रत्येकाने महिन्याला दोन हजारांचा किराणा घेतला तर वर्षाचे चोवीस लाख रुपये होतात. मालाची मूळ किंमत बाहेर जाणारच. पण वरचा नफा, दुकानाचे भाडे, पोऱ्याचा पगार, शिंप्याचे आणि सुताराचे काम, गणेशोत्सवाची वर्गणी, इतकेच नव्हे तर व्याख्यानमालेच्या पुस्तिकेतली जाहिरातसुद्धा, ही कोठे राहायची ते त्या शंभर घरांच्या हाती आहे. शिवाय गावच्या दुकानाचा माल गावच्या बाजारातून येतो. तेथे पाठीवर पोते घेणारा हमाल असतो. त्याच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा हे शब्द हमालाच्या आयुष्यात प्रथम आले.

दुकानदार बंधूंनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत; नाहीतर हे व्याख्यान त्यांच्या संघाने भरवल्यासारखे होईल. तुमच्या दुकानातला नोकर हाही गावचाच माणूस आहे. १९३९ साली मुंबई प्रांतात दुकाने व आस्थापना कायदा झाला, तेव्हा त्याला कामाचे ठरावीक तास आणि आठवड्याची सुट्टी मिळाली. २०१७ च्या नव्या कायद्याने दहांपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. कायद्याने मोकळे केले म्हणून माणुसकीने मोकळे केले असे होत नाही. चौदा तास उभा राहणारा पोऱ्या आणि मापात पाप, या दोन गोष्टी चालू ठेवून लोकांनी तुम्हांला आपले म्हणावे अशी अपेक्षा करू नका.

आता आजची स्थिती. दुकान हातातल्या फोनमध्ये आले आहे. दहा मिनिटांत माल दारी येतो. आजारी माणसाला, एकट्या वृद्धाला त्याची सोय होते. ती आम्ही नाकारत नाही. पण तो माल आणणाऱ्या तरुणाला विचारा, तुझा मालक कोण? त्याला सांगता येत नाही. त्याची मजुरी, त्याचा दंड, त्याचे कामावरून जाणे सारे फोन ठरवतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या प्रथम झाली; त्याला कामगाराचे पुरे हक्क मिळवून देणे हे काम पुढेच आहे. आणि गिऱ्हाइकाची स्थिती त्याच्याहून फार वेगळी नाही. भाव का वाढला, माल का खराब निघाला, हे विचारायला समोर माणूस नाही. सुप्याच्या कुणब्याला निदान वाण्याचे दार माहीत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पहिल्या काही दिवसांत मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची घरपोच सेवा ठिकठिकाणी विस्कळीत झाली. हातावर पोट असलेल्या वस्त्यांत तेव्हा पुष्कळ ठिकाणी अर्धे शटर उघडून डाळ-तांदूळ मोजून देणारा होता तो कोपऱ्यावरचा किराणावाला. काहींनी भाव वाढवले, आणि कित्येकांनी जुनी वही पुन्हा काढली. ती वही नाव पाहून उघडते, आणि नाव माहीत असायला वर्षानुवर्षांची ये-जा लागते. संकटाच्या दिवशी एकाएकी गिऱ्हाईक होता येत नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. सगळे एकाच ठिकाणी घ्या असे नाही, आणि महाग घ्या असेही नाही. गरिबाने चार पैसे वाचवले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु ज्याला परवडते त्याने महिन्याच्या यादीतला ठरावीक भाग शेजारच्या दुकानासाठी राखून ठेवावा. उधारी थकवू नये; दुकानदाराचे भांडवल ते किती! वजन, भाव आणि नोकराचे वागवणे यांबद्दल त्याला तोंडावर विचारावे, आणि एकट्याने नव्हे तर आळीने मिळून विचारावे. तरीही ऐकले नाही तर करड्याच्या लोकांनी काय केले ते त्याला सांगावे. जेथे असा दुकानदारच नसेल, तेथे रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांची वाट मोकळी आहे.

पगाराच्या पहिल्या दारी उभे राहण्यासाठी संघटना लागते हे कामगारांना पटायला कित्येक वर्षे गेली. दुसऱ्या दारीही ती लागते. ते दार रोज उघडते, आणि त्याची कडी आजवर तरी आपल्या हाती आहे.